न तपासलेलं रक्त

विरूपाक्ष मठपतीनं लातूरच्या प्रत्यय लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढली. त्यातली पहिली पंधरा त्याला नोकरी म्हणून कधी वाटलीच नाहीत.

निलंग्याजवळच्या खेड्यातून डीएमएलटीचा, म्हणजे लॅबच्या कामाचा, कोर्स करून तो आला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. लॅब डॉ. शिवमूर्ती हलकुड्यांची होती. दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, एक जुना फ्रिज आणि बाहेर चार खुर्च्या, एवढाच पसारा. डॉक्टर कुणाला शाबासकी देत नसत, पण एखादा आकडा त्यांच्या मनाला पटला नाही, की बोटानं कागद बाजूला सरकवून म्हणत, "परत लाव." बाहेर पेशंटचे नातेवाईक कुरकुर करत. डॉक्टर तेवढ्यापुरते दार उघडून सांगत, "बसा. चहा सांगतो. आकडा चुकीचा घेऊन जाऊ नका." एकदा विरूपाक्षाच्या हातून दोन नावांची अदलाबदल झाली. डॉक्टरांनी त्याला भर दुपारी एसटीनं औशाला पाठवलं, त्या घरात जाऊन स्वतः माफी मागायला लावली आणि नवा रिपोर्ट हातात द्यायला लावला. त्या घरच्या म्हातारीनं त्याला जेवायला वाढलं होतं. पुढं कितीतरी दिवस तो हे कौतुकानं सांगत असे.

डॉक्टरांची नजर अधू झाली आणि मुलगा अमेरिकेतून यायचं नाव काढेना, तेव्हा त्यांनी लॅब एका कंपनीला विकली. कंपनीच्या लातूर, उदगीर, नांदेड अशा सात शाखा होत्या. पाटी तीच राहिली. रिपोर्टखाली डॉक्टरांची सहीही तीच राहिली, फक्त आता ती कॉम्प्युटरमध्ये होती आणि आपोआप उमटत होती.

शाखेचा मॅनेजर म्हणून महांतेश आला. चौतीस-पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, कुणावर आवाज न चढवणारा. विरूपाक्ष जंगम घरातला म्हणून तो त्याला पहिल्या दिवसापासून 'स्वामी' म्हणू लागला आणि पाठोपाठ सगळी लॅब म्हणू लागली. दर सोमवारी सकाळी मीटिंग असे. ज्याचा वाढदिवस असेल त्याला केक, ज्यानं जास्त सॅम्पल काढली त्याला टाळ्या. "आपण स्टाफ न्हाई, घर हाय," असं महांतेश म्हणायचा आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. विरूपाक्षाच्या बायकोचं, नीलम्माचं, ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होता. औषधं त्यानं आणली, डबा त्यानं आणला. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नसे.

आणि नाही म्हणायची वेळ हळूहळूच आली. आधी मशीन रोज सकाळी तपासून घ्यायची पद्धत बंद झाली, आठवड्यातून एकदा पुरे म्हणून. मग मुदत उलटलेलं रसायन आणखी महिनाभर चालवायचं ठरलं. मग 'पॅटर्न' हा शब्द आला. पॅटर्न टाकणं म्हणजे रक्त मशीनला न लावता रिपोर्टमध्ये नॉर्मल आकडे भरणं. सुरुवातीला तो फक्त विम्याच्या कागदांसाठी होता. विमावाल्याला कागद पाहिजे असतो, आकडा कोण बघतो, असं म्हणून विरूपाक्षानं पहिल्यांदा हात लावला. त्या दिवशी घरी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या वेळी गेलं.

त्या वर्षी जुलैत एका मोठ्या कोचिंग क्लासच्या वसतिगृहानं पोरांची आरोग्य तपासणी ठरवली. तीनशे बारा मुलंमुली, सगळ्यांची डॉक्टर व्हायची तयारी. रविवारी सकाळी लॅबची माणसं तिथं गेली आणि दुपारपर्यंत सगळ्यांचं रक्त काढून झालं. रक्त काढणाऱ्यांत शबाना होती. देगलूरची, सत्तावीस वर्षांची. सुई अशी घालायची की लहान लेकरूसुद्धा रडायचं नाही. बोलायला मात्र तिखट. लॅबमध्ये ती एकटीच विरूपाक्षाला स्वामी न म्हणता भाऊ म्हणायची.

सोमवारची मीटिंग संपल्यावर महांतेश आतल्या खोलीत आला.

"स्वामी, सीबीसी सगळ्यांचं मशीनवर लावा. शुगर, किडनी, लिव्हर चाळीस जणांचं लावा. बाकी पॅटर्न."

"तीनशे बारा पोरं हायत, सर."

"सतरा-अठरा वर्षांची पोरं हायत. त्यांना काय होणार हाय? चाळीस नॉर्मल निघाली की बाकीची बी नॉर्मलच. रसायन तेवढंच शिल्लक हाय. आन संध्याकाळी पाचला पालकांच्या मोबाईलवर रिपोर्ट जायला पाहिजेत, तसं कबूल केलंय मी."

"मी न्हाई टाकणार पॅटर्न," शबाना म्हणाली. ती ट्यूबांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, मान वर न करता बोलली.

महांतेश रागावला नाही. "बरं, तू मग घरोघरचे सॅम्पल आणायला जा," असं हसतच म्हणाला. नाही म्हणणाऱ्याला तिथं कुणी बोल लावत नसे. त्याला स्कूटीवर उन्हात पाठवलं जाई आणि त्याचं काम शेजारच्याच्या अंगावर पडे.

निघताना शबाना दारात थांबली. "भाऊ, तीन फॉर्मवर मी पेन्सिलीनं लिहिलंय. ती तिघं तरी खरी लावा."

"लावतो," विरूपाक्ष म्हणाला.

त्याचा तसा विचारही होता. पण पहिला ट्रे मुलांच्या विंगचा निघाला आणि पेन्सिलवाले फॉर्म शोधायच्या आधीच त्यातल्या चाळीस ट्यूबा मशीनला लागल्या. त्या सगळ्या नॉर्मल आल्या. मग तो टायपिंगला बसला. एव्हाना त्याचा हात बसला होता. लागोपाठ एकच आकडा येऊ द्यायचा नाही. मध्येच एखादा एकशेतीन टाकायचा, म्हणजे खरं वाटतं. मुलींचं क्रिएटिनिन मुलांपेक्षा थोडं कमी ठेवायचं. पंधरा वर्षं खरे आकडे बघितलेल्या माणसाइतके चांगले खोटे आकडे कुणाला जमणार?

पेन्सिलवाले फॉर्म तीनच्या सुमाराला हाताला लागले. दोन फॉर्मवर नुसतं 'चक्कर' असं होतं. तिसरा शिवानी बजरंग सूर्यवंशी हिचा, वय सतरा, राहणार निलंगा. कोपऱ्यात शबानाचं तिरपं अक्षर होतं. 'पाणी लई पिते. रात्री चार वेळा उठते. कपडे ढिले झाले म्हणते.'

विरूपाक्ष उठून महांतेशच्या टेबलाशी गेला. "तीन शुगर लावायच्या राहिल्यात. रसायन संपलंय."

"नवीन किट उद्या येतंय. आज कुठून आणू, स्वामी?"

"समोरच्या लॅबमध्ये..."

"समोरच्या लॅबला काय सांगणार? आमच्याकडं शुगरचं रसायन न्हाई म्हणून?" महांतेशनं घड्याळाकडं बघितलं. "अजून किती टाकायचे राहिले?"

"एकशे ऐंशी."

"मग व्हा पुढं."

हलकुडे डॉक्टरांच्या काळी विरूपाक्षानं ट्यूब मुठीत धरली असती आणि रस्ता ओलांडला असता. हे त्याला त्या क्षणी आठवलं. नंतर कुणी विचारलं तेव्हा त्यानं कधी म्हटलं नाही की घाईत लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. तो खुर्चीत येऊन बसला, पेन्सिलीची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि शिवानी सूर्यवंशीच्या नावापुढं अठ्ठ्याऐंशी टाकलं.

पाच वाजता सगळे रिपोर्ट गेले. शबाना परत आली तेव्हा तो सिंकपाशी हात धूत होता.

"लावली का तिघांची?"

"रसायन संपलं."

शबानानं हेल्मेट काढून खुंटीला लावलं आणि आणलेली सॅम्पल रॅकमध्ये लावायला घेतली. मंगळवारी किट आलं, तेव्हा त्या तीन ट्यूबा फ्रिजमध्येच होत्या. पण रिपोर्ट गेलेले होते आणि मंगळवारचं काम मंगळवारचं होतं. शबानाला नंतर याच गोष्टीनं खाल्लं. तीही मंगळवारी विसरली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला फोन आला. शहरातल्या एका दवाखान्यातून कुणी तरुण डॉक्टर बोलत होता. एक मुलगी बेशुद्ध आणली आहे, साखर पाचशे साठ आहे, वसतिगृहवाल्यांनी तुमचा रिपोर्ट दाखवला, त्यात अठ्ठ्याऐंशी आहे, पाच दिवसांपूर्वीचा. तेवढं बघून सांगा.

"नाव?" विरूपाक्षानं विचारलं. विचारायच्या आधीच त्याला माहीत होतं.

फ्रिजमध्ये ट्यूब होती. सात दिवस सॅम्पल ठेवायचा नियम डॉक्टरांच्या काळचा, तो मोडायचं अजून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शबाना शेजारी येऊन उभी राहिली. मशीनवर आकडा आला, चारशे एकतीस. विरूपाक्षानं परत लावली. चारशे अठ्ठावीस. शबानानं मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो घेतला, ट्यूबवरचं नाव दिसेल असा.

महांतेशला बोलावलं. आकडा बघून तो स्टुलावर बसला. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता. "बिचारी," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिथं उपचार सुरू झालेत न्हवं?"

"हाव."

"त्यांच्याकडं आजचा आकडा हाय. आपण आता रविवारचा सांगितला तर उपचारात काही फरक पडणार हाय का?"

विरूपाक्षानं विचार करून सांगितलं, "न्हाई पडणार."

"मग सॅम्पल टाकून दिलं म्हणून सांगा. आन टाकून द्या."

फरक पडणार नव्हता हे खरं होतं. त्या खऱ्याच्या आडोशाला उभं राहून विरूपाक्षानं दवाखान्यात फोन लावला, सॅम्पल शिल्लक नाही म्हणून सांगितलं आणि ट्यूब कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

रविवारी पहाटे शिवानी गेली.

बजरंग सूर्यवंशी दहाव्या दिवसानंतर लॅबमध्ये आला. निलंगा डेपोत एसटीचा कंडक्टर. अंगावर खाकी शर्ट, डोकं नुकतंच भादरलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत त्यानं रिपोर्टचा छापील कागद घडी करून आणला होता. काउंटरवरच्या मुलीनं त्याला आत विरूपाक्षाकडं पाठवलं.

"साहेब, म्या भांडायला न्हाई आलो," तो उभ्यानंच म्हणाला. "एक इचारायचं होतं."

"बसा."

"दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, ही साखर एका दिसात चढलेली न्हाई. महिनाभर तरी असंल, म्हणले. मंग हितं अठ्ठ्याऐंशी कशी काय आली? मशीन एखाद्या वक्ताला चुकतं का?"

काचेपलीकडं महांतेश फोनवर बोलत होता. बोलता बोलता तो इकडं बघत होता.

"मशीन बरोबर होतं," विरूपाक्ष म्हणाला.

"मंग?"

"कधीकधी आजार एकदम वाढतो. लहान वयात तसं होतं."

बजरंगनं मान हलवली. बसमध्ये कुणी सुट्टे नाहीत म्हटलं की हलवावी तशी, सवयीनं. त्याचं लक्ष विरूपाक्षाच्या खिशावरच्या नावाच्या पट्टीवर गेलं.

"मठपती. म्हंजे स्वामी तुमी. आमच्या गल्लीत हायत मठपती, लई चांगली माणसं." त्यानं कागदाची घडी घातली. "आता ह्यो कागद ठिऊ का टाकू, स्वामी? पोरीचा हाय म्हणून घरात टाकवत न्हाई, आन ठिवला की बायको सारखी काढून बघती."

बजरंगनं स्वतःच कागद पिशवीत ठेवला, नमस्कार केला आणि गेला.

महांतेशनं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लई चांगलं सांभाळलं, स्वामी. दुसरा कोणी असता तर बोबडी वळली असती."

पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये महिन्याचा मानकरी म्हणून विरूपाक्षाचं नाव पुकारलं गेलं. अवघड काळात डोकं शांत ठेवलं म्हणून. टाळ्या वाजल्या. त्याचा हार घातलेला फोटो लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि त्याखाली सातही शाखांतून फुलं आणि जोडलेले हात आले. त्याच मीटिंगमध्ये शबानाची नांदेड शाखेत बढतीवर बदली झाल्याचंही सांगण्यात आलं. तिच्यासाठीही टाळ्या वाजल्या. ती निघाली तेव्हा विरूपाक्ष जिन्यापर्यंत गेला.

"फोटो अजून माझ्याकडं हाय," शबाना म्हणाली. "पण मी एकटीनं काय करू, भाऊ? टाकलंय तुमच्या लॉगिननं. तुमीच बोलल्याबिगर त्या फोटोला कोण विचारतंय?"

"कळतंय मला."

"कळतंय तर मग हार कशाला घालून घेतलात?"

त्या संध्याकाळी त्यानं नीलम्माला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं खाली उतरवली आणि गॅस बंद केला.

"तिच्या फॉर्मवरचं तुमी वाचलं होतं?"

"हाव. दोनदा वाचलं."

बाहेरच्या खोलीत त्यांची अक्षरा दहावीचा अभ्यास करत बसली होती. नीलम्मानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"आता सांगितलं तर ती पोरगी परत येणार हाय का?"

"न्हाई."

"तुमची नोकरी जाईल. जेलात बी टाकतील."

"टाकतील."

"मग कशाला?"

"तिचा बाप मशीन चुकतं का म्हणून विचारायलाय," विरूपाक्ष म्हणाला. "त्याला दुसरं काही सुचतच न्हाई. आपल्यासारखा माणूस असं करत असंल, हे त्याच्या डोक्यात येतच न्हाई."

नीलम्मा करा म्हणाली नाही आणि करू नका असंही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं शेजारच्या बाईकडं शिवणकामाचं विचारायला सुरुवात केली, यावरून त्याला काय ते समजलं.

आधी तो हलकुडे डॉक्टरांकडं गेला. त्यांची सही होती, त्यांना न सांगता काही करणं त्याला बरं वाटेना. डॉक्टर ओसरीत पातळ चादर पांघरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच एकदा विचारलं, "परत लावली होतीस?" आणि दुसरा आकडा ऐकून डोळे मिटले.

"सर, मी तक्रार देणार हाय. तुमचं नाव येईल."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "सही वापरा म्हणून मीच लिहून दिलंय रे. दर महिन्याला ते काहीतरी पाठवतात, मी घेतो. आत काय चाललंय ते विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं." "विरूपाक्ष, मला आता ऐंशीवं लागेल. मला कोर्टात उभा करू नकोस."

ज्या माणसानं त्याला एका चुकीच्या नावासाठी भर उन्हात औशाला पाठवलं होतं, तोच माणूस हे म्हणत होता. विरूपाक्षाला राग आला नाही. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "सर, माफ करा. मी देणार हाय."

डॉक्टरांनी आशीर्वादाचा हात उचलला नाही.

निलंगा डेपोत बजरंग दुपारच्या फेरीवरून उतरत होता. विरूपाक्षाला बघून त्याला आधी ओळख पटली नाही. मग तो लगबगीनं पुढं आला. "स्वामी, तुमी हिकडं कुणीकडं?" कँटीनकडं चला म्हणाला. विरूपाक्षानं त्याला कँटीनच्या मागं लिंबाखाली नेलं आणि जे होतं ते सांगितलं. पॅटर्न म्हणजे काय ते सांगितलं. पेन्सिलीची ओळ सांगितली. ट्यूब कुणी टाकली तेही सांगितलं.

बजरंगनं तिकिटाचं मशीन गळ्यातून काढून मांडीवर घेतलं होतं. तो त्या मशीनकडंच बघत होता.

"त्या सोमवारी रातीला तिचा फोन आलता," तो म्हणाला. "पप्पा, मला लई तहान लागायली, उठवंना झालंय, मला गावाकडं घेऊन जावा, म्हणली. रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आलता. म्या म्हणलो, समदं नॉर्मल हाय, अभ्यासाचं भ्या घेतलंस तू, सोंगं करू नको." त्याचा आवाज कुठंच चढला नाही. "मंगळवारी बी आला. म्या उचलला न्हाई. फेरीवर होतो, पण उचलता आला असता."

बजरंगनं मशीनचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"म्या तुमच्या टेबलापशी येऊन इचारलं, तवाच सांगायचं होतं. महिना झाला, बायको मला म्हणायली, तुमी तिला रडवलं. म्या म्हणायलो, न्हाई गं, आजारच एकदम वाढला, स्वामी म्हणले." बजरंग उठला. "आता घरी जाऊन काय सांगू?"

त्यानं विरूपाक्षाला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याच्या गाडीची वेळ झाली होती. तो गाडीत चढला आणि दोनदा घंटी दिली. गाडी फाटकातून बाहेर पडली, तेव्हा तो मागच्या खिडकीशी पाठ करून उभा होता.

विरूपाक्षानं आरोग्य खात्याकडं लेखी तक्रार दिली. दोषींत स्वतःचं नाव पहिलं घातलं. चौकशी समिती बसली. कंपनीच्या वकिलानं कागद दाखवले. लॉगिन विरूपाक्षाचं होतं, कंपनीचा लेखी नियम असा होता की प्रत्येक सॅम्पल तपासलंच पाहिजे, आणि पॅटर्न हा शब्द कंपनीच्या एकाही कागदावर नव्हता. महांतेशनं सांगितलं की त्याला यातलं काही माहीत नाही. बोलताना त्यानं विरूपाक्षाकडं बघितलं, आणि त्या नजरेत वैर नव्हतं, घरातला माणूस उलटल्याचं दुःख होतं. ते सोंग नव्हतं, त्यामुळं सहन करायला जास्त जड गेलं. शबाना नोकरी सोडून नांदेडहून साक्षीला आली. मोबाईलमधला फोटो तिनं टेबलावर ठेवला. चारशे अठ्ठावीस हा आकडा मग कुणाला खोडता आला नाही.

"एकूण किती रिपोर्ट न तपासता दिले?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"ह्या एका शिबिरातले दोनशे बहात्तर."

"आणि त्याआधीचे?"

"मोजले न्हाईत, मॅडम."

लॅबला पंधरा दिवस टाळं लागलं. नंतर तीच जागा नव्या नावाच्या पाटीखाली उघडली. महांतेशची उदगीरला बदली झाली. हलकुडे डॉक्टरांचं नाव पेपरात आलं आणि त्यानंतर ते ओसरीत बसलेले कुणाला दिसले नाहीत. गुन्हा विरूपाक्षावर दाखल झाला, तो जामिनावर सुटला, खटला उभा राहायचा आहे. शहरातल्या एकाही लॅबनं त्याला घेतलं नाही. काहींना तो खोटे आकडे टाकणारा वाटला, काहींना तक्रार करणारा. दोन्ही खरंच होतं. तो आता एका मेडिकल दुकानाच्या गोदामात खोकी उतरवून घेतो. बजरंगनं पुन्हा कधी भेट दिली नाही. साक्षीला मात्र तो येणार आहे, असं वकिलाकडून कळतं.

शिबिराचे फॉर्म समितीकडं जमा करायच्या आधी विरूपाक्षानं त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. प्रत्येक फॉर्मवर पालकाचा नंबर होता. वसतिगृहानं पुन्हा तपासणी करायला नकार दिला, पोरांच्या मनावर परिणाम होतो म्हणून. मग विरूपाक्ष स्वतःच फोन लावू लागला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, गोदामाच्या पायरीवर बसून, रोज सात-आठ. बरेच जण फोन कापतात. काही जण शिव्या देतात. एकानं विचारलं, तुम्ही कुठल्या लॅबचे, आम्हाला गिऱ्हाईक करायलात का. आजवर एकशे चाळीस झाले. त्यातल्या अकरा जणांनी पोरांना परत तपासून घेतलं, असं त्याला नक्की माहीत आहे.

काल देगलूरकडच्या एका बाईनं फोन उचलला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. त्यानं नेहमीप्रमाणं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग काय केलं ते सांगितलं. तो थांबला तेव्हा बाईनं विचारलं, "मग माझ्या पोराची खरी साखर किती हाय, दादा?"

"ती मला माहीत न्हाई, ताई," विरूपाक्ष म्हणाला. "आजच त्याला दवाखान्यात नेऊन तपासून घ्या."

"आजच?"

"हाव. आजच. आन तुमी सोता तिथं उभ्या राहा."